दाराखालची पट्टी

काकती हे गाव पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून, बेळगाव शहराच्या अगदी उंबरठ्यावर वसलेले आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जन्म १७७८ साली याच गावी झाला, ही आम्हा काकतीकरांच्या अभिमानाची गोष्ट. गेल्या काही वर्षांत शहर गावाकडे सरकत आले, आणि जुन्या कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. आमचेही घर त्यांपैकीच एक. घर बांधताना वास्तुशिल्पकाराने सुचवले म्हणून न्हाणीघरात शॉवरपुढे काचेचा दरवाजा बसवला. अर्धा भाग ओला, अर्धा कोरडा, अशी ही आधुनिक रचना. दिसायला सुबक, पुसायला सोपी. पुढे जे घडले त्याचा दोष या दरवाजाला देता येत नाही. तो माझ्याकडेच येतो.

काचेच्या दाराला खालच्या कडेशी एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते. बाजारात कोणी तिला रबर म्हणतात, कोणी सील. तिचा वरचा भाग काचेला चिमट्यासारखा पकडतो आणि खाली लोंबणारी पातळ जीभ फरशीला अलगद टेकते. आतल्या बाजूला एक तिरपी कड असते. काचेवरून ओघळणारे पाणी ती पुन्हा आत ढकलते. पाणी एकाच दिशेला जाऊ द्यायचे, उलट नाही, हे तिचे काम. आपण वैद्यक शाखेतील मंडळी या रचनेला झडप म्हणू, आणि झडप निकामी झाली की काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आमच्या दाराची ही झडप चार वर्षांत निकामी झाली. अशा पट्ट्या बहुधा पीव्हीसीच्या असतात आणि तिला लवचीक ठेवण्यासाठी त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू निघून जाते. मग पट्टी पिवळी पडते, ताठर होते, तिची जीभ आक्रसते. त्यात आमच्याकडे बोअरचे जड पाणी. त्यातील कॅल्शियम आणि साबण यांचा संयोग होऊन चिकट पांढरी साय धरते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या सायीवर काळी बुरशी चढते. पट्टी एका टोकाला फाटली आणि रोज सकाळी पाण्याचा एक ओघळ कोरड्या भागात येऊ लागला. मी तो पाहत होतो. उपाय म्हणून तिथे एक जुने पायपुसणे टाकले आणि ‘रविवारी बघू’ म्हटले. असे रविवार सुमारे तीन महिने आले आणि गेले.

एका पहाटे आई त्या ओल्या पायपुसण्यावरून घसरली. तिचे वय ७४. पडताना तिने हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. मनगटाचा असा अस्थिभंग मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाहतो, प्लास्टर घालतो आणि नातेवाइकांना बजावतो, ‘घरात फरशी ओली ठेवू नका.’ त्या दिवशी बजावणारा आणि ऐकणारा एकच होता.

आईने मला बोल लावला नाही. प्लास्टर वाळत असताना ती एवढेच म्हणाली, ‘आपल्या जुन्या घराच्या मोरीला उंबरा होता रे.’

तिचे म्हणणे खरे होते. जुन्या घरात न्हाणीचा कोपरा वेगळा असे. खाली खडबडीत दगड, फरशीला मोरीकडे उतार, आणि भोवती वीतभर उंचीचा दगडी कठडा. पाणी बाहेर येण्याचा प्रश्नच नव्हता. आपण तो उंबरा काढला, दगडाच्या जागी गुळगुळीत टाइल आणली, आणि पाणी अडवण्याचे सारे काम बोटभर रुंदीच्या पट्टीवर सोपवले. सोपवायला हरकत नाही. मात्र मग त्या पट्टीकडे लक्ष द्यायला हवे.

हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते मी स्वतः केले, म्हणून तपशिलाने सांगतो.

प्रथम तीन मापे घ्यावीत : काचेची जाडी, दाराची रुंदी, आणि काच व फरशी यांमधील अंतर. जाडी साधारणतः ६, ८, १० किंवा १२ मिलिमीटर असते. ८ मिलिमीटरच्या काचेला १० ची पट्टी सैल बसते आणि ६ ची चढत नाही. जुन्या पट्टीचा एक तुकडा दुकानात दाखवणे सर्वांत उत्तम. जुनी पट्टी हाताने ओढून निघते. न निघाल्यास गरम पाण्याने भिजवावी. पाते किंवा स्क्रूड्रायव्हर मात्र काचेच्या कडेत खुपसू नये. ही काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असते. मधोमध ती मोठा दाब सोसते, पण कडेला बसलेला लहानसा टोलाही तिला क्षणात चुरा करू शकतो.

नंतर काचेची कड स्वच्छ करावी. पांढऱ्या व्हिनेगरने क्षार निघतात. पण फरशी संगमरवरी, शहाबादी किंवा कडप्प्याची असेल तर व्हिनेगर टाळावे. हे चुन्याचे दगड आम्लाने झिजतात. आणि ब्लीच व आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना काय करतो हे आपण जाणतो.

कड पूर्ण कोरडी झाल्यावर नवी पट्टी बारीक दात्यांच्या करवतीने मापाला कापावी, थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून मऊ करावी, आणि दार उघडून मोकळ्या बाजूने हळूहळू सरकवत बसवावी. तिरपी कड आत, शॉवरच्या बाजूला आली पाहिजे. ती उलटी बसल्यास पाणी बाहेरच येते. डिंक किंवा सिलिकॉन लावण्याची गरज नाही, कारण ही पट्टी पुढेही बदलायचीच आहे. जीभ फरशीला नुसती टेकावी. दाबली गेली तर दार अडते आणि पट्टी लवकर फाटते. शेवटी काचेवर आतून चार तांबे पाणी ओतून बाहेर कोरडा कागद ठेवून पाहावे. कागद भिजला, तर दोष पट्टीचा नसून फरशीच्या उताराचा असू शकतो, आणि तिथे गवंड्यालाच बोलवावे लागते.

पट्टी बदलली की त्यानंतर दर आठवड्याला तिच्यावरून कोरडे फडके फिरवावे. तिचे आयुष्य त्याने वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंत रस्ते-अपघातांखालोखाल हेच कारण येते, आणि साठीपुढील माणसांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. आईचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. तिच्या जागी खुब्याचे हाड असते तर ही कथा वेगळी झाली असती; खुब्याच्या अस्थिभंगानंतर पहिल्या वर्षात दगावणाऱ्या वृद्धांचे प्रमाण आपण सर्व जाणतो.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. साठीपुढील रुग्णाला रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्या लिहून देताना, ‘तुमच्या न्हाणीघरात पाणी कुठे साचते?’ हाही एक प्रश्न विचारावा. त्या गोळ्यांनी पहाटे उठताना तोल जाऊ शकतो आणि फरशी ओली असेल तर सावरायला वेळ मिळत नाही. आणि वाचकहो, आज घरी गेल्यावर आपल्या दाराखाली एकदा वाकून पाहावे. पट्टी पिवळी पडली असेल, तर रविवारची वाट पाहू नये.

आई आता त्या न्हाणीघरात नि:शंक जाते. तिच्या सांगण्यावरून मी भिंतीला एक धरायची दांडीही बसवली आहे. ‘उंबरा नाही तर नाही,’ ती म्हणते, ‘पण हाताला काहीतरी हवे.’