पाच दिवसांची परीक्षा, अठरा वर्षांची तयारी

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील अनेक मराठी घराण्यांचे मूळ पुरुष होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर किंवा दप्तरांबरोबर या मुलखांत आले. घरातील तलवार भिंतीवर टांगली गेली, त्यालाही आता कित्येक पिढ्या लोटल्या. तरीही बारावीच्या उंबरठ्यावरचा मुलगा, आणि आता मुलगीसुद्धा, ‘मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे’ असे म्हणू लागली, की घरात अभिमान आणि धास्ती ही दोन्ही एकदमच शिरतात. पुढचा प्रश्न व्यवहाराचा असतो : तयारी करावयाची ती कशी? त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पहिला दरवाजा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. केंद्रीय लोकसेवा आयोग तिची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० असे एकूण ९०० गुण असतात. चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण वजा होतात. तेव्हा अंदाजाने ठोकून देण्याची सवय येथे महागात पडते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व वायुदलासाठी मात्र विज्ञान विषय हवेत. पदवीधरांसाठी संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, वायुदलाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, आणि एन.सी.सी.चे ‘सी’ प्रमाणपत्र मिळविलेल्या पात्र पदवीधरांना लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळापुढे जाण्याची सोयही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर प्रबोधिनीची दारे मुलींनाही उघडली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तेथून शिक्षण पुरे करून बाहेर पडली.

लेखी परीक्षेचा अभ्यास कसा करावा हे आपल्या घरांना सांगावे लागत नाही. अडखळायला होते ते पुढच्या पायरीवर. निवड मंडळाच्या मुलाखतीलाही तितकेच, म्हणजे ९०० गुण असतात. एकूण १८०० गुणांपैकी निम्मे गुण अशा परीक्षेला, जिचे पाठ्यपुस्तक नाही.

या पद्धतीचा उगम दुसऱ्या महायुद्धातील आहे. केवळ घराणे, शाळा आणि अल्पशी मुलाखत पाहून निवडलेले अधिकारी अपुरे पडू लागले, तेव्हा १९४२ साली ब्रिटनमध्ये एडिंबरो येथे मानसशास्त्रज्ञ आणि सेनाधिकारी यांचे संयुक्त मंडळ बसविण्यात आले. उमेदवारांच्या गटाला नेता नेमून न देता काम सोपवावयाचे आणि कोण कसा वागतो ते पाहावयाचे, ही त्यातील मुख्य कल्पना. लवकरच हीच पद्धत हिंदुस्थानात आली. आज भोपाळ, बंगळूर, प्रयागराज, म्हैसूर, गांधीनगर अशा ठिकाणच्या मंडळांतून तीच, काळानुरूप सुधारून, चालू आहे.

परीक्षा पाच दिवसांची. पहिल्या दिवशी चाळणी : बुद्धिमापनाचे प्रश्न आणि एक धूसर चित्र. चित्र तीस सेकंद दिसते, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयाची आणि मग गटात चर्चा. पुष्कळजण त्याच संध्याकाळी परतीची गाडी धरतात. उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या असतात : अकरा चित्रे आणि एक कोरा पडदा यांवर बारा गोष्टी, साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, साठ प्रसंग, वेळ अर्धा तास. नंतरचे दोन दिवस मैदानावर. फळी, लाकडी ओंडका आणि दोर एवढ्या साहित्यावर गटाने अडथळे ओलांडावयाचे; एकट्याने दहा अडथळे तीन मिनिटांत; कधी स्वतः नायक होऊन दोघा सोबत्यांकडून काम करून घ्यावयाचे. दरम्यान दीर्घ मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरील परीक्षक आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवितात आणि पाचव्या दिवशीच्या बैठकीत ती मते पडताळून पाहिली जातात. पंधरा गुणांची त्यांची यादी असते; सहकार्य, जबाबदारीची जाणीव, निर्णयाची तत्परता, धैर्य हे त्यांतील काही.

पाठांतर फसते ते याच रचनेमुळे. शिकवणी वर्गात घोकलेली शूर नायकाची गोष्ट कागदावर शोभून दिसते. पण तोच मुलगा मैदानावर सोबत्याच्या हातातील दोर हिसकावून घेऊ लागला, की कागद आणि माणूस यांची फारकत उघडी पडते. समजा, प्रसंग असा दिला : आगगाडीत सहप्रवासी बेशुद्ध पडला आहे, पुढचे स्थानक वीस मिनिटांवर आहे. घोकलेले उत्तर साखळी ओढून त्याला खांद्यावर घेऊन धावू लागते. शहाणे उत्तर साधे असते : गर्दी बाजूला करणे, डब्यात डॉक्टर आहे का ते विचारणे, तिकीट तपासनिसाला कळवून पुढच्या स्थानकावर मदत मागविणे. असे उत्तर ज्याने घरच्या आजारपणात कधी धावपळ केली आहे त्याला आपोआप सुचते.

मानसशास्त्रीय चाचण्यांच्या अखेरीस एक कागद येतो, त्याकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. आई-वडिलांचे, शिक्षकांचे, मित्रांचे आणि स्वतःचे आपल्याविषयी काय मत आहे, हे उमेदवाराने पंधरा मिनिटांत लिहावयाचे असते. आपल्या मुलाला या प्रश्नाचे खरे उत्तर माहीत आहे का? ‘अभ्यास कर’ आणि ‘जेवून घे’ यांपलीकडे घरात त्याच्याशी बोलणे होते का? त्याचा कोणता दोष आपल्याला सलतो आणि कोणत्या गुणाचा भरवसा वाटतो, हे त्याने आपल्या तोंडून कधी ऐकले आहे का? नसेल, तर पंधरा मिनिटांत तो ते कोठून आणणार?

म्हणूनच खरी तयारी घरात आणि फार आधी सुरू होते. बँकेचे काम, रेल्वेचे आरक्षण, आजोबांना दवाखान्यात नेणे ही कामे मुलांवर सोपवावीत आणि ती चुकली तर चुकू द्यावीत. गणेशोत्सवाच्या मंडळात खुर्च्या उचलण्यापासून जमाखर्चापर्यंतचे काम त्यांना करू द्यावे. रोज वर्तमानपत्र वाचून जेवताना त्यावर मत मांडू द्यावे, आणि ते आपल्या मताविरुद्ध असले तरी ऐकून घ्यावे. पाहुण्यांनी मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आईने देऊन टाकण्याची आपल्याकडील रीत तर आजच सोडावी.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या मुलांची एक अडचण आणि एक पुंजी आहे. छत्रपती संभाजीनगर येथील, १९७७ साली स्थापन झालेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत प्रवेश घ्यायचा तर महाराष्ट्राचा अधिवास लागतो. तो मार्ग आपल्यातील बहुतेकांना बंदच. परंतु बेळगावचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. विजयपूर, रेवा, बालाचडी येथे सैनिक शाळा आहेत. पुंजी म्हणाल तर, घरात मराठी, गल्लीत कन्नड, हिंदी वा गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला परक्या माणसांत मिसळण्याची सवय असते. मंडळापुढील बहुतेक व्यवहार इंग्रजीत चालतो, तेव्हा तेवढे बोलणे घासूनपुसून घ्यावे.

उरला प्रश्न अपयशाचा. मंडळाने शिफारस केली तरी वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी शिल्लक असते. शिफारस झालेले उमेदवारही जागेअभावी मागे राहतात. वयाच्या मर्यादेत पुन्हा बसता येते. वायुदलाच्या वैमानिकांसाठी असलेल्या विशेष चाचणीच्या संधी मात्र मर्यादित असतात, हे ध्यानी ठेवावे. मार्गही एकच नाही. कारवार परिसरात जन्मलेले रामा राघोबा राणे १९४० साली साधे सैनिक म्हणून भरती झाले, १९४७ साली अधिकारी झाले आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करताना दाखविलेल्या शौर्याबद्दल परमवीरचक्राचे मानकरी ठरले.

निवड न झालेला मुलगा घरी येईल तेव्हा स्टेशनवर त्याला ‘काय झाले?’ असे विचारण्याआधी त्याची पेटी हातात घ्यावी. मंडळाने पाच दिवस त्याला पाहिले, आपण अठरा वर्षे पाहत आहोत. आपले मत त्याला त्याच वेळी कळले, तर पुढच्या खेपेला तो कागद कोरा राहणार नाही.