पाणी आलं गं!

आमच्या तालुक्याच्या गावात नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एकदा, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. परवाच्या गुरुवारी पहाटे सव्वापाचला आलं. मैत्रिणींनो, ज्यांच्याकडे असं पाणी येतं त्यांना पुढचं सांगायची गरजच नाही! एकीकडे मोटार घरघरतेय, दुसरीकडे कणीक अर्धवट मळलेली. मुलीची दहावी, तिची शिकवणी सहाची. चिरंजीवांना नेमका त्याच वेळी भूगोलाचा नकाशा सापडत नाही. आणि आमचे हे बाथरूममधून विचारतात, "अगं, माझा टॉवेल कुठाय?" लग्नाला बावीस वर्षं झाली, टॉवेल त्याच दोरीवर असतो.

त्यातच सासूबाई उठून आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. पिण्याच्या कळशीच्या तोंडावर फडकं बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच. पण आता हात थरथरतो. फडकं सुटलं, कळशी कलंडली, ओट्याखाली तळं! माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही मधे मधे करू नका हो! तिकडं दिवाणावर बसा बघू."

त्या गेल्या आणि बसल्या. चहासुद्धा मागितला नाही. मला ते कळलं, पण टाकी भरायची होती ना!

दुपारी बचत गटाची बैठक होती. गटातल्या एका ताईंच्या घरी आम्ही पहिल्यांदाच जमलो. यजमान गेले, दोन्ही मुलं पुण्याकडे कंपनीत. घर अगदी आरशासारखं लखलखीत. मांडणीवर एकच ताट, एकच वाटी, पालथा घातलेला एक पेला. मी सहज म्हटलं, "ताई, किती निवांत हो तुमच्याकडं!" त्या हसल्या. म्हणाल्या, "माझ्या तीन घागरी दहा मिनिटांत भरत्यात. मग मी मुद्दाम थांबून थांबून भरते. तेवढंच काम पुरतं. तुमच्या गल्लीतला आरडाओरडा ऐकू आला की बरं वाटतं."

मला घास गिळवेना. सकाळी मीच मनात म्हटलं होतं, एकदा सगळे जा कुठंतरी, मला शांतता द्या.

आता एक सांगते. 'घर भरलंय ना, मग राबायचं आणि आनंद मानायचा' हे मला मुळीच म्हणायचं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. हे आकडे मी बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "हे सत्त्याण्णववाले राहतात कुठं? पत्ता द्या." खूप हसलो. तेव्हा घरच्या गोंधळाचं कौतुक करायचं तर तो गोंधळ वाटून घ्यायलाही सांगायचं. टॉवेलाचा शोध ज्याचा त्याने लावावा.

घरी परतताना मात्र डोक्यात कळशीच होती. २०१६ साली आम्ही लातुरात होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पण गल्लीत टँकर यायचा तो रात्री-बेरात्री. मुलं लहान, मी त्यांना टाकून जाऊ शकत नव्हते. रांगेत घागरी लावून रस्त्यावर बसायच्या त्या सासूबाई. दोन-दोन वाजेपर्यंत! "तू झोप गं, तुला सकाळी डबे आहेत," म्हणायच्या. तेव्हा मी त्यांना काय म्हटलं? काहीच नाही. आपल्याकडे घरातल्या माणसाला 'थँक्यू' म्हणायची रीतच नाही.

घरी आले तर त्या दिवाणावरच. पुढ्यात कोथिंबिरीची जुडी, एक एक काडी निवडलेली. मी शेजारी बसले. म्हटलं, "आई, सकाळी चुकलं माझं. लातुरात तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"काय परक्यावाणी बोलतीस?" म्हणाल्या आणि कोथिंबीर माझ्याकडे सरकवली. जरा वेळाने, "चहा टाक. साखर कमी नको."

साखरेवरून आमचं पुन्हा वाजलं, कारण डॉक्टरांनी बंद केलीय. अर्धा चमचा घातला.

मग जुन्या परकराची नाडी काढून फडक्याला घट्ट शिवली. आता गाठ मारायला नको, नुसतं कळशीच्या गळ्यात अडकवायचं. यांना बजावलं की पाण्याच्या दिवशी मोटार आणि टाकी तुमच्याकडे. "बरं" म्हणाले, पाहू.

काल पहाटे साडेचारला मला जाग आली ती हाकेने. मोटारीच्याही आधी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "सूनबाई, उठ! पाणी आलं गं!" बघते तर फडकं हातात घेऊन त्या ओट्यापाशी उभ्या. आणि आतून यांचा आवाज, "अगं, मोटारीचं बटन कुठलं?"