बंद ट्रॅक्टरचे इंजिन थंडीत कसे जपावे?



दूधगंगेकाठच्या आपल्या सदलग्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की चालू ट्रॅक्टरला उसंत नसते. पण कित्येकांच्या गोठ्याशेजारी एखादा जुना, बंद ट्रॅक्टर 'पुढे दुरुस्त करू' म्हणून उभा असतो. आमच्याही घरी असा एक होता. सायलेन्सरचे तोंड उघडे राहिले, पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये उतरले, पिस्टन जाम झाले आणि शेवटी तो किलोवर भंगारात गेला. चूक आमचीच होती. ती इतरांकडून होऊ नये म्हणून हे चार शब्द.

काश्मीरसारख्या प्रदेशात इंजिनातले पाणी गोठते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते व लोखंडी ब्लॉक तडकतो. आपल्याकडे ती भीती नाही. आपला शत्रू आहे गंज. दिवसा ऊन आणि पहाटे गारठा, यामुळे हवेतील बाष्प थंड लोखंडावर पाणी होऊन बसते. इंजिन चालू असले की तेल सगळीकडे फिरते. बंद इंजिनात ते खाली चेंबरमध्ये उतरते आणि सिलिंडर कोरडे पडतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला. नांगर गंजला तरी मातीत घासून पुन्हा चकाकतो. इंजिनाच्या आतला गंज मात्र डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून दिवाळीनंतर एवढे करावे :

1. जुने काळे ऑईल काढून नवे भरावे.
2. रेडिएटर व ब्लॉक या दोन्हींतले पाणी सोडून द्यावे.
3. डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेत बाष्प साचते.
4. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑईल सोडावे व इंजिन हाताने फिरवावे. पुढे दरमहा असेच फिरवावे.
5. सायलेन्सरवर डबा उपडा घालावा, हवेचे तोंड कापडाने बांधावे. उंदीरही तिथूनच शिरतात.
6. बॅटरी काढून घरात ठेवावी व अधूनमधून चार्ज करावी.

इंजिन आधीच जाम असेल तर स्टार्टर मारू नये, ओढूनही चालू करू नये; रिंगा तुटतात. सिलिंडरमध्ये डिझेल व ऑईल घालून आठ-पंधरा दिवस धीर धरावा.

शेवटचे, स्टेअरिंगला एक चिठ्ठी बांधावी : 'आत ऑईल आहे, तोंडे बांधली आहेत.' सुरू करण्याआधी नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, जादा ऑईल बाहेर पडू द्यावे.

मुलांनो, बाष्प, गंज, प्रसरण हे आपण पुस्तकात शिकतो. या रविवारी वडिलांबरोबर गोठ्याशेजारी जाऊन ते प्रत्यक्ष पाहा.