गाढीचें पाणी आणि संगणकावरचा नकाशा

पनवेलच्या जुन्या घरांत पावसाळ्याच्या दिवसांत गाढी नदीचा विषय निघाला, कीं २६ जुलै २००५ ची आठवण हटकून निघते. त्या दिवशीं पाणी कोठवर चढलें होतें, हें वडील माणसें भिंतीवर हात ठेवून दाखवितात. एक खूण एका भिंतीपुरतीच असते. अशा शेंकडों खुणा एकत्र मांडल्या म्हणजे नकाशा होतो. हें काम शिकण्याचें आजचें साधन म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली.

तिचें तत्त्व सोपें आहे. पारदर्शक कागदाचे ताव एकावर एक ठेवावे, त्याप्रमाणें एका थरांत नदी, दुसऱ्यांत रस्ते, तिसऱ्यांत घरें व चौथ्यांत जमिनीची उंची असते. शिवाय प्रत्येक रेषेमागें माहितीचा तक्ता असतो. म्हणून नदीपासून शंभर मीटरांच्या आंत असलेलीं सखल जागेवरचीं घरें कोणतीं, असा प्रश्न नकाशालाच विचारतां येतो. २००२ सालीं निघालेली 'क्यूजीआयएस' ही संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते; तेव्हां शिकणाऱ्यास पैशांची अडचण नाहीं.

खरी अडचण दुसरीच आहे. जुने भारतीय स्थलनकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं दिलेल्या पृथ्वीच्या मापावर आधारलेले आहेत. उपग्रहांचें माप १९८४ चें आहे. दोहोंची सांगड न घालतां एक थर दुसऱ्यावर ठेवला, तर नदी आपलें पात्र सोडून घरांवरून वाहूं लागते! नवशिक्याची पहिली चूक बहुधा हीच असते.

दुसरी चूक अधिक घातक, कारण ती डोळ्यांस दिसत नाहीं. सर्वत्र वापरलीं जाणारीं उंचीचीं मापें फेब्रुवारी २००० मध्यें अंतराळयानांतून घेतलेलीं आहेत. त्यांतील एक चौकोन तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद, म्हणजे सुमारें नऊ गुंठ्यांचा. एवढ्या जागेला उंची एकच! तींतही कोठें झाडाचा शेंडा, तर कोठें घराचें छप्पर मोजलें गेलेलें असतें. त्यानंतरच्या वर्षांत पनवेलच्या आसपास विमानतळासाठीं टेंकडी कापली गेली, भराव पडला, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. जमीन बदलली; आंकडे मात्र तेच राहिले.

अशा नकाशावर एखादें घर कोरडें दिसलें, म्हणून त्या घरच्यांनीं निर्धास्त झोपावें काय? रंग सुबक भरले, म्हणून नकाशा खरा ठरत नाहीं. म्हणून शिकणाऱ्यानें नकाशा घेऊन नदीकांठीं हिंडावें, भिंतींवरच्या खुणा मोजाव्या व त्या नकाशाशीं ताडून पाहाव्या. जेथें दोहोंत फरक पडेल, तेथें यंत्रापेक्षां भिंतीची साक्ष आधीं ऐकावी, आणि उंचीचें माप कोणत्या सालचें आहे हें नकाशाच्या कोपऱ्यांत स्पष्ट लिहावें.