रहस्यकथेचे निकष : एक टिपण

‘रंजनप्रधान’ या एका शब्दावर मराठी समीक्षेने रहस्यकथेची बहुधा बोळवण केली. वस्तुतः तिचे प्रकार भिन्न आहेत. अगाथा ख्रिस्ती यांच्या कथेत दुवे वाचकापुढे मांडलेले असतात. गुन्हेगार कोण, हा तेथील प्रश्न. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांचे (१९०६-१९९६) झुंजार व काळापहाड हे नायक साहस आणि वेग यांवर उभे आहेत. संकटातून नायक सुटणार कसा, ही तेथील उत्कंठा. एकाच्या निकषाने दुसऱ्यास उणे ठरविणे न्याय्य नव्हे. वाचकांनी प्रत्यक्षात काय पसंत केले, याची साक्ष वाचनालयांच्या देवघेव नोंदवह्याच देऊ शकतात. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील अभ्यासकांनी, त्या रद्दीत जाण्यापूर्वी, हे काम हाती घ्यावे.