नाणे एक, दर्जे अनेक

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा चांदीचा रुपया कडेने धरून दिव्याखाली तिरपा फिरवावा. तो व्यवहारात फिरलेला नसेल, तर त्यावरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा सरकतो. ठशाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला पसरताना ज्या बारीक रेषा उमटतात, त्यांची ही चमक असते. रुपया चलनात आला की ती आधी राणीच्या गालावर आणि कानावरच्या केसांवर तुटते. मग मुकुटाची आणि पोशाखावरच्या नक्षीची धार जाते. ही झीज किती, हे ठरवणे म्हणजे दर्जा ठरवणे. झीज डोळ्यांना दिसते, पण तिला नाव काय द्यायचे यावर देशांचे एकमत नाही.

ब्रिटनमध्ये शब्दांची उतरंड चालते: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड आणि सर्वांत वर 'एफडीसी', म्हणजे निर्दोष. अमेरिकेतही यांतले बरेच शब्द आहेत, पण माप सैल आहे. लंडनचा व्यापारी ज्याला 'व्हेरी फाइन' म्हणेल, ते नाणे अमेरिकी यादीत बहुधा 'एक्स्ट्रीमली फाइन' म्हणून येते. ब्रिटिश 'एक्स्ट्रीमली फाइन' तिकडे 'अबाउट अनसर्क्युलेटेड' ठरते. जर्मनीत 'श्योन', 'झेर श्योन', 'फोरत्स्यूगलिश', 'श्टेम्पेलग्लान्झ' अशा पायऱ्या आहेत. फ्रान्समध्ये 'टीबी', 'टीटीबी', 'सुपर्ब' अशा. शब्दकोश घेऊन या पायऱ्या जुळवू गेले तर फसगत ठरलेली, कारण प्रत्येक पायरीची उंची वेगळी आहे.

आकड्यांची पद्धत अमेरिकेची. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. तिच्यामागचा हिशेब बाजारभावाचा होता. १ दर्जाच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट ७० दर्जाच्या नाण्याला. बाजाराने ते प्रमाण लवकरच मोडले, पण ७० हा आकडा टिकला. पुढे ही पट्टी सर्वच नाण्यांना लागू झाली. आज ६० ते ७० या अकरा पायऱ्या फक्त न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत.

या पट्टीला बळ आले ते १९८६ मध्ये 'पीसीजीएस' आणि १९८७ मध्ये 'एनजीसी' या खासगी कंपन्या सुरू झाल्यावर. तिथले तज्ज्ञ नाणे तपासून दर्जा देतात आणि ते प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करतात. पेटीवर आकडा असतो आणि न पाहता खरेदी करणारा त्या आकड्यावर विसंबतो. या व्यवस्थेने बनावट नाण्यांना मोठा आळा घातला, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. तरीही ५८ दर्जाचे, किंचित झिजलेले पण तजेलदार नाणे पुष्कळदा ६० दर्जाच्या न वापरलेल्या पण ओरखड्यांनी भरलेल्या नाण्यापेक्षा देखणे असते. आकडा झीज सांगतो, देखणेपण पूर्ण सांगत नाही.

आपल्याकडच्या नाण्यांपाशी ही पट्टी आणखी अपुरी पडते. शिवराईच घ्या. तांब्याच्या तुकड्यावर ठसा ठेवून हातोड्याने पाडलेले हे नाणे. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे पूर्ण उमटलेली क्वचितच सापडतात. 'छ'ची वाटी अर्धीच दिसत असेल, तर ती वापराने झिजली, घाव हलका पडला, की ठसा बाजूला सरकला, हे आधी ओळखावे लागते. या तिन्ही गोष्टींना एकाच आकड्यात बसवणे अन्यायाचे आहे. प्राचीन नाण्यांसाठी 'एनजीसी'ने म्हणूनच झिजेचा दर्जा शब्दांत आणि ठसा व पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण अशी पद्धत ठेवली आहे. हाताने पाडलेल्या नाण्यांना तीच न्याय देणारी.

पारख आपल्याला नवी नाही. पेशवाईत अनेक टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. पोतदार आणि सराफ ते तपासून बट्टा ठरवत. त्यांची नजर धातूच्या कसावर आणि वजनावर असे. आजचा संग्राहक रूप पाहतो, पण हात आणि डोळा तयार करण्याची गरज तीच आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते सहज परदेशी पाठवून दर्जा आणता येत नाही.

म्हणून नव्या संग्राहकांना कळकळीचे सांगणे आहे. विक्रेत्याने दर्जा सांगितला की तो कोणत्या देशाच्या मापाचा, हे आधी विचारा. मुंबई-पुण्यातल्या प्रदर्शनांत एकाच प्रकारची पाच-सहा नाणी शेजारी ठेवून झीज बघायला शिका. आणि चिंच, लिंबू किंवा पावडर लावून नाणे घासू नका. घासलेल्या नाण्याची मूळ चमक परत येत नाही, आणि अमेरिकी कंपन्या अशा नाण्याला दर्जाचा आकडाच देत नाहीत.