‘हा प्रकार’ म्हणजे नेमका कोणता?

‘चोरट्यांनी खिडकीचे गज कापून आत प्रवेश केला. सकाळी हा प्रकार उघडकीस आला.’ इथे ‘प्रकार’ या शब्दाच्या पोटात अख्खं मागचं वाक्य आहे. गोष्ट, बाब, मुद्दा, प्रकरण हे शब्दही असेच. एकेकटे जवळजवळ रिकामे. मागे ‘हा, ही, हे’ लागलं की भरतात. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी १९७६मध्ये इंग्रजीतल्या अशा ‘सामान्य नामां’ची चर्चा केली होती.

पण नाम निवडताना लिहिणारा मतही देऊन टाकतो. पोरानं भिंतभर रेघोट्या ओढल्या. आई म्हणते ‘हा उपद्व्याप’, आजी म्हणते ‘ही कला’. रेघोट्या त्याच.

मोडी कागदपत्रांत मागच्या उल्लेखाकडे बोट दाखवण्याचं काम विशेषणं करत. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे तेच साल. माणसासाठी ‘मशारनिल्हे’, मुळात अरबी, अर्थ ‘ज्याच्याकडे निर्देश केला तो’. ‘मजकूर’ही अरबीच: ‘उल्लेखिलेला’. आज मात्र आपण सगळ्या लिखाणालाच मजकूर म्हणतो. सरकारी पत्रांत त्याची गादी ‘सदर’नं घेतली आहे, आणि तिथं तो जरा जास्तच ऐसपैस बसला आहे.